न दिसणाऱ्या किरणाचा नेम

गोदाम 60 मीटर लांब, 45 मीटर रुंद, पत्र्याचं छत 12 मीटरवर. एवढ्या जागेतला धूर ओळखायला काकांनी गाडीतून उतरवली ती फक्त तीन यंत्रं. बाकीची राहिली असतील म्हणून मी गाडीत पुन्हा डोकावले. डिप्लोमात शिकलेला धुराचा डिटेक्टर म्हणजे छताला बसवायचा पांढरा गोल डबा, आणि तोही ठरावीक अंतरावर एकेक. भिवंडीतल्या या अवाढव्य शेडचं तिघांत कसं भागणार?

भागतं. एका भिंतीवरचं यंत्र इन्फ्रारेड किरण समोरच्या भिंतीवरच्या प्रिझमवर टाकतं, तो परत फिरतो, आणि किती प्रकाश परत आला ते यंत्र मोजत राहतं. मध्ये धूर शिरला की परतीचा प्रकाश घटतो. किरणाच्या दोन्ही बाजूंची साडेसात-साडेसात मीटर जागा त्याच्या राखणीतली धरतात, म्हणून 45 मीटरला तीन. शिवाय उंच शेडमध्ये धूर वर पोचेपर्यंत पसरून पातळ होतो. एखाद्या डब्यात शिरेल तेवढा दाट तो उरेलच असं नाही. किरणाला मात्र अख्ख्या वाटेवरचा पातळ धूर मिळून अडवतो. हे कळल्यावर मला यंत्राबद्दल आदर वाटायला लागला. तो दुपारपर्यंत टिकला.

सिझर लिफ्टवर हार्नेस लावून वर गेलो. यंत्र कुठे बसवायचं यावरच काकांनी बराच वेळ घालवला. छतापासून फूट-दोन फूट खाली, कारण मे महिन्यात पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो आणि धूर त्याच्या खालीच अडतो. पत्र्यावर किंवा त्याला पेलणाऱ्या आडव्या पर्लिनवर तर अजिबात नाही. "अगं, पत्रा उन्हात हलतो. नेम अर्धा अंश सरकला तर तिकडे किती सरकेल?" मी मोबाईलवर हिशोब केला: 60 मीटरवर जवळजवळ अर्धा मीटर. म्हणजे प्रिझम साफ चुकला. शेवटी भक्कम कॉलमवर ड्रिल मारलं.

समोर एका प्रिझमऐवजी चार, दोनावर दोन असे लावले. 50 मीटरच्या पुढे आमच्या यंत्राला तेवढे लागतात. प्रिझम थोडा तिरका बसला तरी चालतं. ट्रकच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरसारखा तो आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत धाडतो. नखरे सगळे यंत्राचे.

नेम धरायला आत लाल लेसर असतो. पण छतात उजेडाचे पारदर्शक पत्रे होते, भर दुपारी तो ठिपका दिसेना. समोरच्या लिफ्टवरचा पोरगा फोनवर ओरडत होता, "वर! अजून वर! गेला!" ठिपका सापडल्यावर लेसर बंद करायचा आणि आडव्या-उभ्या दोन चकत्या केसभर फिरवत परतीच्या सिग्नलचा आकडा वाढवत न्यायचा. चढता चढता आकडा उतरायला लागला की थोडं मागे यायचं. कधी बोट उचलल्यावरच आकडा बदले. इथे माझा आदर संपला.

दुसऱ्या यंत्राचा नेम काकांनी स्वतः धरला. आकडा झकास, हिरवा दिवा. काका फोनवर म्हणाले, "आता सगळे प्रिझम झाक." पोराने पुठ्ठा धरला. दिवा हिरवाच! किरण वायुवीजनाच्या चकचकीत डक्टवर आपटून परत येत होता आणि यंत्र त्यावरच समाधानी होतं. प्रिझम झाकल्यावर सिग्नल पडला पाहिजे. तो पडत नसेल तर यंत्र भलतीकडेच बघतंय. काकांना याचं काहीच वाटलं नाही. हिरव्या दिव्यावर ते तसाही विश्वास ठेवत नाहीत. नेम डक्टपासून दूर आणून पुन्हा धरला.

मग चाचणी. सिक्युरिटीला आधी कळवलं. मला वाटलं, किरण पूर्ण अडवला की हूटर बोंबलणार. पोराने चारही प्रिझम एकदम झाकले आणि पॅनेलवर आलं नुसतं 'फॉल्ट'. आगीचा पत्ता नाही! काकांनी समजावलं, "आगीचा धूर चढत चढत येतो. क्षणात सगळं अंधारलं तर मध्ये काहीतरी आडवं आलंय." मग एकच प्रिझम झाकला. काहीच नाही, साधारण पाव प्रकाश गेला होता आणि आमची मर्यादा 35 टक्क्यांवर होती. दोन झाकले, दहाएक सेकंद गेले, आणि हूटरने कानठळ्या बसवल्या. धुराच्या यंत्राची परीक्षा पुठ्ठ्याने घेतात हे मला अजूनही विचित्र वाटतं.

काचेवर हळूहळू बसणारी धूळ यंत्र स्वतःच हिशोबात धरून घेतं, आणि सावरणं हाताबाहेर गेलं की फॉल्ट देतं. सोय हुशारीची आहे, पण ती ऐकली की मालक पुसणं बंद करतो. म्हणून काकांनी हे गोदामाच्या साहेबांना मुद्दामच सांगितलं नाही. अग्निसुरक्षेचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, तेव्हा तरी काच पुसली जाते.

साहेबांना एवढंच बजावलं, की किरणाभोवती अर्धा मीटर जागा मोकळी हवी. ते वर बघत राहिले. "पण आहे कुठे तो?" मी तिन्ही रेषा नकाशावर लाल पेनाने आखल्या आणि प्रत पॅनेलच्या दारामागे चिकटवली.

"रॅक वाढवायच्या आधी हा बघा, साहेब."

"आणि दिवाळीचे कंदील?"

"लावा की," काका म्हणाले, "पण बरेच खाली."