आजीची सहाण आणि दंडावरचा व्रण

साठ-सत्तरच्या दशकात वाड्यात नाहीतर चाळीत वाढलेल्या आम्हा मुलांचं आजारपण कधी एकट्याचं नसायचं. एकाला कांजिण्या आल्या की महिनाभरात सगळी भावंडं ओळीनं अंथरुणाला लागायची. खाज सुटली की कडुलिंबाचा डहाळा अंगावरून फिरवायचा आणि खपल्या पडल्या की त्याच पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घालायची. ताप चढला की आई, काकू, आत्या आळीपाळीनं कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत रात्र काढायच्या. उतरला की मऊ भात, मेतकूट आणि तूप.

दवाखान्यात जायचं ते घरची बाटली धुऊन बरोबर घेऊनच. कंपाउंडर तिच्यात लाल मिक्श्चर भरायचे, मग कागदाची पट्टी दुमडून कडेनं कात्री चालवायचे आणि ती बाटलीला चिकटवायचे. दोन खाचांमधलं औषध म्हणजे एक डोस. पहिल्या डोसाची खाच कुठली, हे बजावून सांगितल्याशिवाय ते बाटली हातात देत नसत.

तान्ह्या भावंडांचं सगळं आजीकडे. न्हाऊमाखू झालं की ती गुटी उगाळायला सहाण पुढ्यात ओढायची. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, बदाम, खारीक, प्रत्येकाचे वेढे ठरलेले. पोट बिघडलं असलं तर मुरडशेंगेचा एखादा वेढा जास्त. जायफळाला मात्र हात आखडता, कारण पोर झोपून राहायचं. बाळाची शी, रडणं, जिभेचा रंग पाहून ती रोज हे प्रमाण ठरवायची. इतकं बारकाईनं त्या बाळाकडे घरात दुसरं कुणी पाहत नव्हतं. पण तीच आजी कान दुखला की लसणीचं कोमट तेल कानात घालायची, बाळाला ओव्याची धुरी द्यायची. कान फुटलेला असेल तर ते तेल घातक, आणि धुरानं कोवळ्या छातीला त्रासच व्हायचा. आज बालरोगतज्ज्ञ दोन्हींना मनाई करतात, ते योग्यच आहे.

संध्याकाळी मीठ-मोहरीनं दृष्ट काढणारी ही बाई ‘देवी काढणारे’, म्हणजे देवीची लस टोचणारे, आलेत असं कानावर पडताच आम्हाला माळ्यावरून, न्हाणीतून शोधून काढायची आणि दंड धरून त्यांच्यापुढे उभं करायची. देवीनं गेलेले डोळे, वण पडलेले चेहरे तिनं पाहिले होते. तिच्या बरोबरीच्या कितीतरी बायकांनी पोटची मुलं गमावली होती. 1975 नंतर देशात देवीचा रोगी आढळला नाही आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेनं सारं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पुढच्या मुलांच्या दंडावर देवीच्या लशीचा तो गोल व्रण नाही. गोवराची लस मात्र सरकारी कार्यक्रमात 1985 साली आली, तोवर गोवर घरोघर येतच राहिला.

त्याच सुमाराला रेडिओ-टीव्हीवरून मीठ-साखरेच्या पाण्याची कृती सांगायला लागले. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तोवर हगवण लागली की पाणी तोडायची रीत होती आणि त्यात पोरं सुकून जायची. आजीनं ती रीत एका दिवसात सोडली. नातवंडाला जुलाब लागले की ती स्वतः वाटी-चमचा घेऊन बसायची, घोट घोट पाजायची. ओकलं तर थोडं थांबून पुन्हा पाजायची. तान्ह्याचं अंगावरचं दूध तोडायचं नाही, हे तर ती पहिल्यापासूनच सुनांना सांगत आली होती.