दादाचं घडीचं यंत्र

दोस्तांनो, घरातली एखादी वस्तू हरवली की काय काय होतं ते आठवा बरं! "इथंच तर ठेवली होती," असं म्हणत सगळे एकाच जागी पाच-पाच वेळा शोधतात. उशी उचलून बघायची, खाली ठेवायची, पुन्हा तीच उशी उचलून बघायची. आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "कुणी घेतली तर नसेल?"

आमच्या घरीही असंच झालं होतं. ती गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. पण २०२४च्या मे महिन्यात माझा मामेभाऊ इंग्लंडहून आला आणि त्याच्या पिशवीतल्या एका यंत्रामुळे ती गोष्ट जमिनीतून वर आली. अगदी खरोखरीच जमिनीतून!

दादाने पिशवी उघडली तेव्हा मला वाटलं, याने छत्री आणली आहे. एकात एक सरकणारी दांडी, तिच्या टोकाला मुडपून ठेवलेली जेवणाच्या ताटाएवढी काळी चकती आणि वर हात टेकवायला एक खोबण. सगळी घडी तुमच्या दप्तरात सहज मावेल एवढी, वजन जेमतेम दीड किलो. दादाने दांडी ओढली, पेच आवळले, चकती सरळ केली आणि दोन मिनिटांत कमरेएवढ्या उंचीचं यंत्र उभं राहिलं. हाच मेटल डिटेक्टर. विमानतळावर ज्या चौकटीतून आपण जातो किंवा देवळाच्या दारात पोलीसदादा जी बॅट अंगावरून फिरवतात, तिचा हा भाऊ. ते उभ्या माणसाच्या अंगावरचा धातू शोधतात, हा जमिनीत पुरलेला शोधतो.

त्याची करामत तशी सोपी आहे. चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वाहणारी वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते. वीज वाहिली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे तुम्ही शास्त्राच्या पुस्तकात वाचलं असेलच. हे बदलतं क्षेत्र जमिनीत शिरतं. तिथे धातूचा तुकडा असला, तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे बारीक बारीक विद्युतप्रवाह गरगरू लागतात. त्या प्रवाहांचंही स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जणू धातू खालून ओ देतो! चकतीतलं दुसरं वेटोळं ती ओ पकडतं आणि आपल्या कानात वाजतं, 'पीं!'

पण ही ओ कुणाची, हे मात्र यंत्राला नेमकं सांगता येत नाही. लोखंडाचा आवाज वेगळा, तांब्याचा वेगळा, इतपत फरक कळतो. पण सोन्याची बारीक अंगठी आणि औषधाच्या गोळ्यांचा चुरगळलेला चंदेरी कागद, दोन्ही जवळजवळ सारखेच वाजतात. आणि आपल्या सह्याद्रीकडच्या मातीचा आणखी एक खोडसाळपणा आहे. ती बेसाल्टच्या काळ्या खडकाची माती, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. ओढ्याच्या कोरड्या वाळूत चुंबक फिरवून बघा, त्याला काळ्या मिशा फुटतील! त्यामुळे यंत्र लावल्या लावल्या कुईं कुईं करू लागलं. दादाने बटणं फिरवून त्याला आमच्या मातीची सवय केली, तेव्हा कुठे ते गप्प झालं.

एवढ्यात गावात बातमी पसरली होती, "इंग्लंडचे पाव्हणे गुप्तधन शोधायला आलेत!" कुंपणापलीकडे पंधरा-वीस पोरं जमली. एक आजोबा तर विचारून गेले, "नारळ फोडला का?" दादा हसून म्हणाला, "आजोबा, गुप्तधन सापडलं तरी ते माझं नाही. १८७८ सालापासून कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरांना कळवावं लागतं." पोरांना त्याने बजावलं, की असं यंत्र घेऊन गडावर किंवा जुन्या देवळाच्या आवारात मुळीच जायचं नाही. कुठली वस्तू कोणत्या थरात होती, यावरूनच इतिहास कळतो. ती उपटून काढली की तिची गोष्ट मुकी होते.

मग त्याने १९९२ सालची हकिगत सांगितली. इंग्लंडमध्ये हॉक्सन नावाचं खेडं आहे. तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज मेटल डिटेक्टर घेऊन गेला आणि त्याला सापडली रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी, जवळजवळ पंधरा हजार! त्याने अधाशासारखं सगळं उकरलं नाही. थोडं दिसताच थांबला, कळवलं, आणि पुरातत्त्वाच्या लोकांनी बाकीचं नीट खणून काढलं. पुढे हातोडाही सापडला बरं का. तोही आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

पोरं खूश झाली. पण आईने दादाला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, ह्याने माझी अंगठी सापडेल का रे?"

माझ्या पोटात गोळा आला.

डिसेंबर १९८६. मी पाचवीत होतो. आईच्या लग्नातली अर्ध्या तोळ्याची अंगठी हरवली. दिवेलागणीला बोट मोकळं दिसलं आणि आई रडायलाच लागली. "सकाळी विहिरीवर धुणं धुताना होती," एवढंच तिला पक्कं आठवत होतं. झालं! सगळं घर कंदील घेऊन विहिरीवर. धुण्याचा दगड, मोटेचं जुनं थारोळं, केळीची बुंधं, सगळं चाळून झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. अंगठी नाही.

त्या सकाळी आईबरोबर विहिरीवर अजून एकच माणूस होतं. आमच्याकडे कामाला येणारी मावशी. आजीने आम्हा मुलांना विचारलं, "तुमी कुनी काय बघितलं का?" आणि मी म्हणालो, "मावशीने वाकून काहीतरी उचललं आणि ओच्यात टाकलं."

मी खोटं बोललो नव्हतो. मी तसं पाहिलं होतं. पण काय उचललं ते मी पाहिलं नव्हतं, आणि हे पुढचं वाक्य मी बोललो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

आजीने मावशीला अंगणात ओचा झाडायला लावला. चार भुईमुगाच्या शेंगा खाली पडल्या. मावशी काही बोलली नाही. त्या शेंगासुद्धा उचलल्या नाहीत तिने. त्यानंतर ती आमच्याकडे कामाला आली नाही आणि आजीने तिला बोलावलंही नाही. गाव एवढंसं. तिला इतरांकडेही काम मिळेना, असं मी पुढे ऐकलं.

दादाला हे काही माहीत नव्हतं. त्याने विहिरीवर काम सुरू केलं. चकती जमिनीपासून बोटभर उंच धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश. दोन दिवसांत काय नाही निघालं! मोटरचे नटबोल्ट, बैलाच्या पायातली पत्री, मोडका विळा, सोड्याच्या बाटल्यांची बुचं आणि ॲल्युमिनियमचं चौकोनी पाच पैशाचं नाणं. ते बघून माझ्या मुलीला हसूच आवरेना. "पाच पैशाला काय मिळायचं?" म्हणे!

अंगठी मात्र नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसून दादाने आम्हाला ग्रॅहम बेलची गोष्ट सांगितली. हो, टेलिफोनवाला बेल. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली. क्ष-किरणांचा शोध तोवर लागायचा होता, मग गोळी दिसणार कशी? बेलने तारांची वेटोळी आणि टेलिफोनचा कर्णा जोडून एक यंत्र केलं. जुन्या युद्धातल्या ज्या सैनिकांच्या अंगात गोळ्या राहून गेल्या होत्या, त्यांच्यावर ते चालवून पाहिलं. चाललं! पण अध्यक्षांच्या खोलीत दोनदा प्रयत्न करूनही गोळी काही सापडेना. एक तर पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या, त्या आवाजात घोळ करत होत्या. आणि दुसरं म्हणजे मोठे डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे. त्यांनी बेलला उजवीकडेच शोधू दिलं. न धुतलेल्या बोटांनी आणि हत्यारांनी जखम चाचपली जात होती, तिच्यात पू झाला. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. नंतर तपासणीत गोळी सापडली. डाव्या बाजूला!

"यंत्र मेलं फिरवू तिथंच वाजणार," आई म्हणाली.

"नाहीतर काय! म्हणून तर सैन्यात हे काम करणाऱ्याचं डोकं शांत लागतं," दादा म्हणाला. खांद्यावर टाकून नेता येईल असा डिटेक्टर सैन्याला मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये तो तयार केला आणि पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. वजन जवळजवळ चौदा किलो! १९४२ साली इजिप्तमध्ये अल अलामीनच्या वाळवंटात सुरुंग शोधायला तो वापरला गेला. त्याआधी सैनिक पालथं पडून संगिनीने माती टोचत टोचत पुढे सरकत. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत १९४१ साली ॲबिसिनियात सलग चार दिवस सैन्यापुढे राहून सुरुंग काढत गेले. पंधरा जागचे सुरुंग, पंचावन्न मैलांचा रस्ता. स्फोटात कानाचा पडदा फाटला, तरी थांबले नाहीत. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजचे सैनिकी डिटेक्टर दादाच्या यंत्रासारखेच घडीचे असतात. दांडी आखूड केली की पालथं पडूनही चालवता येतात.

मी हे सगळं ऐकत होतो, पण माझं डोकं उजव्या-डाव्या बाजूतच अडकलं होतं. दादाचंही तसंच झालं असावं. त्याने एकदम विचारलं, "आत्या, त्या दिवशी विहिरीवरून आल्यावर तू काय काय केलंस? आठवेल तेवढं सांग."

आई आठवू लागली. "धुणं वाळत टाकलं. भाकरी केल्या. दुपारी गोठा झाडला, शेण उचललं, शेणी थापल्या..." आणि थांबली. "थंडीचे दिवस होते. बोटं आक्रसतात रे थंडीत. अंगठी सैल व्हायची."

गोठ्यात आता फरशी आहे. पण जुना उकिरडा परड्यात होता, तिथे आज शेवगा उभा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने शेवग्याभोवती यंत्र फिरवलं. खिळा. खिळा. घमेल्याचा कान. दहाच्या सुमाराला एक मऊ आवाज आला. "चंदेरी कागद असणार," दादा पुटपुटला. खुरप्याने वीतभर माती काढली, हातात घेऊन चुरली. सोनं गंजत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंगठी थोडी चेमटली होती, पण नुसत्या पाण्याने धुतल्यावर तशीच पिवळीधमक!

शेणाबरोबर गेली होती की चुलीतल्या राखेबरोबर, कोण जाणे. आई तिच्याकडे बघतच राहिली. पोरं टाळ्या वाजवत होती. मी आईला शेवग्याखालीच सांगितलं, मी काय पाहिलं होतं आणि काय नव्हतं पाहिलं. आईने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग आत जाऊन लुगडं बदलून आली. "चल," म्हणाली.

मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकाकडे राहते. आता सत्तरीच्या पुढची आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. आईने अंगठी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बोटांनी चाचपली.

"गावली व्हय? कुटं?"

"उकिरड्यात."

"तितं कुनी बघितलंच न्हाई," मावशी म्हणाली आणि अंगठी आईला परत दिली.

मी खाली बसलो. घरून पाठ करून आणलेलं वाक्य तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी आजीला सांगितलं होतं..."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "साबनाची चिपटी व्हती ती. दगडाखाली पडल्याली. तुज्या आईला देयाची म्हनून उचल्ली."

मग तिने सुनेला हाक मारली आणि तीन कप चहा टाकायला सांगितला.