लंडनचा आखूड दिवस

डिसेंबरात आपल्या माळेगाव बुद्रुकला उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघालेल्या असतात आणि सूर्य मावळायला सहा वाजतात. लंडनला मात्र तेव्हा चारच्या आतच सूर्य बुडतो! उजाडतं आठला. म्हणजे फिरायला जेमतेम आठ तास. मग आधी काय पाहाल?

चॉक फार्म स्टेशनवर उतरून किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर गाठा. भिंतीवर निळी गोल पाटी दिसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथं राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनानं हे घर विकत घेतलं. आता तिथं त्यांचं स्मारक आहे.

तिथून भुयारी रेल्वेनं ब्रिटिश म्युझियमला चला. तिकीट नाही बरं का! मधोमध मोठ्या घुमटाची गोल वाचनाची खोली आहे. बाबासाहेब तिथं तासन्‌तास वाचत बसत.

थोडं चाललं की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, १९२० मध्ये ते पुन्हा इथं आले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला शाळेत नाव घातलेला हा मुलगा. तिथं त्याला वेगळं बसवत, पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नसत. त्याला लंडनचा आखूड दिवसही पुरला. आपला दिवस तर हिवाळ्यातही अकरा तासांचा. सांगा पाहू, त्यातले वाचनाला किती?