अपघाताचे व्याकरण

मराठी वर्तमानपत्रांत अपघाताची बातमी एका ठरावीक साच्यात लिहिली जाते. ‘भरधाव ट्रकने दुचाकीस्वाराला चिरडले.’ ‘कंटेनरने मोटारीला धडक दिली.’ ‘जीप दरीत कोसळली.’ या वाक्यांत कर्त्याच्या जागी बसलेला असतो तो ट्रक, कंटेनर किंवा जीप. चालकाचा उल्लेख यायचाच तर बातमीच्या शेवटच्या ओळीत येतो, आणि तोही बहुधा ‘चालक पसार झाला’ एवढ्यापुरता. क्वचित ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ अशी शब्दयोजना असते. पण तिथेही नियंत्रण आपणहून सुटते, जणू ते दाव्याला बांधलेले जनावर असावे. व्याकरण शिकवण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे असेल, पण या बातम्या वाचताना आम्हाला नेहमी वाटत आले आहे की, आपल्या भाषेने वाहनातून चालकाला फार पूर्वीच खाली उतरवले आहे. चालकविरहित मोटार अमेरिकेच्या रस्त्यांवर येण्याच्या कितीतरी आधी ती आपल्या बातम्यांतून धावत होती.

आता ती खरोखरच रस्त्यावर आली आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात, जनरल मोटर्सच्या दालनात, नॉर्मन बेल गेडेस या रचनाकाराने भावी महामार्गांची भव्य प्रतिकृती मांडली होती. त्या महामार्गांवर मोटारी आपोआप अंतर राखून धावणार होत्या. पुढे कित्येक दशके हे स्वप्न प्रदर्शनापुरतेच राहिले. मार्च २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने मोहावी वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत भरवली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडी जेमतेम बारा किलोमीटरवर अडकून पडली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गाडीने सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पुरा करून ती शर्यत जिंकली. ऑक्टोबर २०२० पासून फीनिक्स महानगर परिसरात वेमो कंपनीच्या, चालकाची जागा रिकामी असलेल्या टॅक्सींत सर्वसामान्य प्रवासी बसू लागले, आणि जून २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतही ही सेवा सर्वांसाठी खुली झाली.

या मोटारींचे आश्वासन साधे आहे. यंत्राला झोप येत नाही, ते दारू पीत नाही, घरी झालेल्या भांडणाचा राग ते गतिवर्धकावर काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर मरतात. भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे गेली. एखाद्या साथीने एवढी माणसे नेली असती तर देशाने टाळेबंदी पुकारली असती. रस्त्यावरच्या मृत्यूंची मात्र आपल्याला सवय झाली आहे, आणि आमच्या मते या सवयीत वर सांगितलेल्या वाक्यरचनेचा वाटा लहान नाही. ट्रकने चिरडले म्हटले की प्रश्न मिटतो. ट्रकला जाब कोण विचारणार?

आश्वासनामागची आकडेवारी मात्र साहित्याच्या वाचकाने एखाद्या संहितेइतकीच सावधपणे वाचावी. ‘९४ टक्के अपघात मानवी चुकीने होतात’ हे वाक्य चालकविरहित मोटारींचे कैवारी वारंवार वापरतात. त्याचा उगम अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात आहे. त्या टिपणात ९४ टक्के अपघातांत ‘निर्णायक कारण’ चालकाकडे नोंदवलेले आहे हे खरे. पण हा घटनासाखळीतला बहुधा शेवटचा दुवा असतो, तो अपघाताचे एकमेव कारण किंवा दोषारोप समजू नये, असेही त्याच टिपणात बजावलेले आहे. दुवा आणि दोष यांतला हा फरक प्रचारात गळून पडला. रस्त्याचे वळण चुकीचे आखणारा अभियंता, दिवा नसलेला चौक, चालकाला पुरेशी विश्रांती न देणारा मालक, हे सगळे त्या ९४ टक्क्यांच्या आड अदृश्य झाले.

उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वेमोच्या संशोधकांनी २०२५ साली ५ कोटी ६७ लाख चालकविरहित मैलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो कंपनीचाच अभ्यास आहे हे लक्षात ठेवूनही, माणसांना इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण त्यात मानवी चालकांच्या तुलनेत ठळकपणे कमी आढळले, हे नाकारता येत नाही. मृत्यूंबद्दल मात्र एवढ्या मैलांवरून निर्णय देता येत नाही. अमेरिकेत २०२३ साली दर दहा कोटी मैलांमागे साधारण सव्वा मृत्यू झाला. रँड या संस्थेने २०१६ सालीच गणित मांडून दाखवले होते की, मृत्यूंच्या बाबतीत यंत्र माणसाइतके सुरक्षित आहे हे पुरेशा खात्रीने सिद्ध करायचे, तर त्याने एकही बळी न घेता २७ कोटी ५० लाख मैल चालले पाहिजे. तेव्हा आजचा निष्कर्ष एवढाच: लक्षणे आशादायक आहेत, निकाल लागायचा आहे.

आता आमच्यासारख्या साहित्याच्या माणसांचा कल कुणीकडे असतो, हे वेगळे सांगायला नको. आम्ही माणसाच्या बाजूचे. आमचे मामा एसटीत चालक होते आणि त्यांनी कोकणातल्या घाटांतून सव्वीस वर्षे गाडी चालवली. आंधळ्या वळणावर हॉर्न देऊन ते क्षणभर कान देत. पलीकडून उत्तर आले की त्या आवाजावरून समोरचे वाहन कोणते, भरलेले की रिकामे, चालक नवखा की मुरलेला, हे सांगत. आपल्याकडे रस्ता ओलांडणे हाही एक संवादच आहे. पादचारी हात वर करतो, चालकाच्या डोळ्यांत पाहतो, चालक मान किंचित हलवतो, आणि तेवढ्या भरवशावर एक म्हातारी नातवाचा हात धरून पलीकडे जाते. या मूक संभाषणाची जागा कॅमेऱ्याने आणि लेझर किरणांनी घ्यावी, हे आम्हाला सहजी रुचणारे नव्हते.

पण या रुचीच्या आड एक आठवण येते. १९९४ साली आमचा एक महाविद्यालयीन मित्र संध्याकाळी सायकलवरून घरी परतताना मालमोटारीखाली सापडून गेला. तीन महिन्यांनी, जामिनावर सुटलेला तो परगावचा चालक पत्ता शोधत मित्राच्या घरी आला. ओसरीच्या खालीच उभा राहिला, काही बोलू शकला नाही, आणि रडू लागला. मित्राच्या आईने त्याला पाणी दिले. आम्ही तेव्हा तिथेच होतो. माणुसकीचे यापेक्षा मोठे दर्शन आम्हाला क्वचितच घडले असेल, आणि तो गेल्यावर आम्ही तसे काकूंपाशी बोलून दाखवले. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “रडला रे बिचारा. पण त्याच्या रडण्यानं माझं काय झालं? ब्रेक वेळेवर लागला असता ना, तर त्याला मेलं रडू नसतं आलं तरी चाललं असतं मला.”

यंत्राला पश्चात्ताप होत नाही, ही यंत्रावरची सर्वांत देखणी टीका आहे, आणि काकूंच्या या वाक्यापुढे ती टिकत नाही. पश्चात्ताप ही उरलेल्यांची मिळकत आहे. गेलेल्याला ती मिळत नाही. ब्रेक वेळेवर लावणारे यंत्र आणि हृदय असलेला पण उशिरा ब्रेक लावणारा माणूस यांतून निवड करायची, तर ती कोणाच्या बाजूने करायची हे ठरवण्याचा पहिला अधिकार काकूंचा आहे.

तरीही एक प्रश्न राहतोच, आणि तो हृदयाचा नसून कर्त्याचा आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातील टेंपी शहरात उबर कंपनीच्या एका चाचणी-मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उडवले; चालकविरहित तंत्राच्या मोटारीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली घटना. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये दिलेला निष्कर्ष मुळातून समजून घेण्यासारखा आहे. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला ती दिसली होती. पण ती मोटार आहे, सायकल आहे की आणखी काही, याविषयी त्याचे मत पुनःपुन्हा बदलत राहिले; आणि प्रत्येक बदलासरशी ती आधी कुठून कुठे सरकली याचा हिशेब ते नव्याने मांडू लागे. पादचारी ठरावीक पट्ट्यांबाहेरूनही रस्ता ओलांडतात, ही शक्यताच त्या प्रणालीत धरलेली नव्हती. मोटारीची मूळची आपत्कालीन ब्रेक-यंत्रणा चाचणीदरम्यान बंद ठेवलेली होती. देखरेखीसाठी गाडीत आधी दोन माणसे असत; ती संख्या कंपनीने एकावर आणली होती.

या वाक्यांत कर्ता नाही असे कोण म्हणेल? यंत्रणा ‘बंद ठेवलेली होती’, शक्यता ‘धरलेली नव्हती’: कर्मणी प्रयोगाच्या पडद्यामागे माणसे बसलेली आहेत. चालक नाहीसा झालेला नाही. तो गाडीतून उतरून कचेरीत जाऊन बसला, एवढेच. प्रत्यक्षात शिक्षा मात्र झाली ती गाडीत बसलेल्या एकट्या देखरेख करणाऱ्या स्त्रीला. तिचे लक्ष मोबाइलवर होते, हा तिचा दोष मंडळानेही नोंदवला आणि तो खराच आहे. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला व तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगून टाकले होते. मंडळाच्या अहवालात कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेतील उणिवांवरही बोट ठेवलेले आहे. न्यायालयात ते बोट पोचले नाही.

दुसरे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी एका मोटारीची धडक बसून एक स्त्री शेजारून जाणाऱ्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर फेकली गेली. पहिल्या मोटारीचा मानवी चालक पसार झाला. आपल्या ओळखीचाच तो शब्द. टॅक्सीने ब्रेक लावला, पण धडक चुकली नाही. आणि मग रस्त्याच्या कडेला थांबण्याच्या नियमानुसार त्या स्त्रीला खाली घेऊन ती सुमारे सहा मीटर फरफटत पुढे गेली. कंपनीने सुरक्षा प्रशासनाला पाठवलेल्या पहिल्या अहवालात हे फरफटणे नव्हतेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने खोटा अहवाल दिल्याचे मान्य करून पाच लाख डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. माणूस पायांनी पसार होतो. कंपनीने ते काम वाक्य गाळून केले.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात, अशा मोटारी भारतात येऊ देणार नसल्याचे सांगितले. कारण दिले ते चालकांच्या रोजगाराचे. मामांच्या कुटुंबातले असल्याने ते कारण आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. पण रोजगार वाचवायचा म्हणून वर्षाला दीड लाखाहून अधिक मृत्यू आहेत तसे चालू द्यायचे, हा सौदा काकूंना समजावून सांगण्याची आमची तयारी नाही. मोटार येवो वा न येवो. रस्ता, चौक, मालक आणि कायदा यांना कर्त्याच्या जागी बसवणारी वाक्ये आपल्याला आजपासूनच लिहिता येतील.

साहित्याचे शिक्षण कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी आम्हाला अधूनमधून विचारतात. एक उपयोग हा आहे: कर्मणी प्रयोग दिसला की ‘कोणी?’ असे विचारण्याची सवय. चालकविरहित टॅक्सी उद्या आमच्या दारी आली, आणि ती माणसाहून कमी जीव घेते हे स्वतंत्र तपासणीत सिद्ध झालेले असले, तर आम्ही निःशंकपणे तीत बसू. फक्त तिच्या प्रत्येक अपघाताचा अहवाल जाहीर व्हावा, आणि त्या अहवालात एकही वाक्य कर्त्याविना नसावे.