कापायचं कुठून

हात थरथरायला लागला तेव्हा माउस सोडला आणि फोटो क्रॉप करायचं काम टर्मिनलवर नेलं. चौकट ओढून कोपरा नेमका धरणं बोटांना जमेना. ‘क्रॉप ४:५’ टाइप करायला स्थिर हात लागत नाही. इमेजमॅजिक हे साधन एका ओळीत अख्खं लग्न कापून देतं. स्टुडिओतली तरुण मुलं एकेक फोटो उघडत असताना माझं फोल्डर तयार होतं, आणि तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे पाहावं, असं मला वाटतंच. वय झालं तरी ही हाव सुटलेली नाही.

अडतं ते ग्रॅव्हिटीपाशी, म्हणजे कुठली बाजू धरून कापायचं हे दिशेने सांगण्यापाशी. कॅमेऱ्यातून येतो ३:२, गिऱ्हाइकाला मोबाइलवर टाकायला हवा ४:५. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या आडव्या फोटोतला ३२०० बाय ४००० एवढाच उरतो. जवळपास निम्मी रुंदी जाते. ती कुठून काढायची? मंगलाष्टकांचा फोटो बाजूने घेतलेला असतो. मधे आंतरपाट, डावीकडे नवरा, उजवीकडे नवरी. सेंटर म्हटलं की दोन्हीकडचे १४०० पिक्सेल जातात, आंतरपाट तेवढा राहतो. वेस्ट म्हटलं तर नवरी जाते, ईस्ट म्हटलं तर नवरा.

उभ्या फोटोला नॉर्थ चालतं. पायाकडचं जातं, फेटा शाबूत राहतो. मात्र आधी फोटो खरोखर उभा करणारं ऑटो-ओरिएंट हवं. नाहीतर फाइल आत आडवीच असते आणि तिची उत्तर नवऱ्याच्या खांद्याकडे निघते.

हल्ली जागा स्वतःच निवडणारी साधनं आली आहेत. लिबव्हिप्सचं स्मार्टक्रॉप कडा, त्वचेचा रंग आणि भडक रंग हुडकतं. मांडवात भडक रंग कुठे नसतो? झेंडूची माळ आणि नवरीचा शालू यांतलं कोण महत्त्वाचं, हे त्याला कोण सांगणार? म्हणून मी आधी सगळे फोटो डोळ्यांखालून घालतो, दिशेप्रमाणे फोल्डर लावतो, मगच कमांड देतो. वेगाची सगळी फुशारकी या निवडीवर उभी आहे, आणि ती निवड मुलांना दिसत नाही याचं मला वाईट वाटतं.

आंतरपाटाच्या फोटोला मात्र कुठलीच दिशा लागू पडत नाही. वर-खाली पांढऱ्या पट्ट्या जोडल्या तर माणसं बारीक होतात. गिऱ्हाईक कितीही अडून बसलं तरी तो फोटो मी ३:२ मध्येच देतो.