अभिसरण

शाळेत तेहेतीस वर्षे मी उष्णतेच्या संक्रमणाचे तीन प्रकार शिकवले. पळीचा दांडा तापतो ते वहन, पातेल्यातले पाणी खालीवर फिरत तापते ते अभिसरण, आणि उन्हात पाठ शेकते ते प्रारण. एवढे फळ्यावर लिहिले की मुलांचे गुण पक्के होत आणि माझे कर्तव्य संपे. यातल्या दुसऱ्या प्रकाराशी म्हातारपणी, परक्या मुलखात, सख्ख्या भावापायी माझी गाठ पडेल, आणि तीही गांजाच्या निमित्ताने, असे तेव्हा कोणी म्हणाले असते तर त्याला मी वर्गाबाहेर उभे केले असते.

होय, गांजाच. फराळाचे ताट पुढे असताना हा शब्द वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडली तर मी नावे ठेवणार नाही. माझ्या कपाळावर ती जवळजवळ पन्नास वर्षे होती. आमचे घर वाईचे. कृष्णेच्या घाटावर बैरागी उतरत, आणि त्यांच्या चिलमीचा वास आला की आई खिडक्या लावून घेई. १९७५ साली माझा धाकटा भाऊ, बाळ, एका बैराग्याशेजारी बसून चिलमीवरचा निखारा फुंकताना मला सापडला. तो अकरा वर्षांचा, मी वीसचा. पायऱ्यांवरच मी त्याच्या थोबाडीत दिली. “दादा, मी ओढली नाही रे, नुसता निस्तव फुलवत होतो,” असे तो रडत सांगत होता. मी ऐकून घेतले नाही.

पुढे बाळ इंजिनिअर झाला, स्टुटगार्टला गेला, तिथलाच झाला. पन्नाशीच्या आत त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसने गाठले. मज्जातंतूंवरचे आवरण शरीर स्वतःच खाऊ लागते, असा हा आजार. त्याचे पाय लाकडासारखे ताठत, आणि रात्री पोटऱ्यांत असे गोळे येत की चादर दातांत धरून तो पडून राही. गोळ्या-औषधे करून झाली. जर्मनीत २०१७च्या मार्चपासून गंभीर दुखण्यावर डॉक्टर गांजाची फुले लिहून देऊ शकतात आणि ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळतात. (आपल्याकडे १९८५च्या कायद्याने तो फुलोरा जवळ बाळगणे हा गुन्हाच आहे, हे सांगितलेले बरे.) २०२२च्या दिवाळीला मी त्याच्याकडे पोचलो तेव्हा फुलांची डबी घरात आली होती. अडले होते यंत्रावाचून. डॉक्टरांनी बजावले होते, जाळायचे नाही.

न जाळता औषध कसे घ्यायचे? पेटत्या विडीचे टोक झुरक्यासरशी सुमारे ९०० अंशांपर्यंत तापते. औषधाबरोबर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडही छातीत जातो. पण फुलांतला गुणकारी अंश २०० अंशांच्या आसपासच वाफ होऊन सुटतो. तेवढेच तापवले, तर पाला जागच्या जागी राहतो आणि धूर होत नाही. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी १८ माणसांवर हे ताडून पाहिले होते. वाफ घेतल्यावर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड धुराच्या मानाने फारच कमी भरला. ते वाचून माझ्यातला मास्तर जागा झाला. “निवड मी करतो,” म्हणून मी सांगून टाकले.

बाळच्या ओळखीच्या रुग्णांकडून तीन यंत्रे चार दिवसांसाठी मागून आणली. औषध महागडे, त्यावर प्रयोग करणे जिवावर आले. म्हणून भावजयीच्या फडताळातले वाळवलेले थाइम घेतले. या पाल्याला ओव्याच्या भावकीतला वास येतो, कारण थायमॉल दोहोंत आहे. स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटली.

पहिले यंत्र खिशात मावणारे, स्वस्त. त्यात कोठीची भिंत तापते आणि भिंतीला टेकलेला पाला भाजतो. म्हणजे निव्वळ वहन. उघडून पाहिले तर कडेचा पाला काळा, मधला हिरवागार. तव्यावर ओवा टाकून कोणी दाराशी गप्पा मारायला जावे, तसे झाले होते. दर दोन झुरक्यांनी ते हलवावे लागे. शिवाय कोणी ओढो न ओढो, पाला आपला शिजतच राही.

दुसरे मोठे, पोलादी, शंकूच्या आकाराचे. नावच व्होल्कॅनो, म्हणजे ज्वालामुखी. हे टुटलिंगनचे. डॅन्यूबकाठचे हे गाव शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे, आणि हे यंत्र तिथून २००० साली बाजारात आले. यात आधी हवा तापते, मग पंप ती पाल्यामधून वर ढकलतो आणि वाफ एका लांब पारदर्शक पिशवीत भरते. काटा २३० अंशांच्या पुढे जातच नाही, कारण त्यापुढे पाला करपू लागतो. हे अभिसरण, तेही पंपाच्या जोराचे. पाला काढून पाहिला तर सगळा एकसारखा, भाजलेल्या जिऱ्याच्या रंगाचा. वर्गात इतक्या वर्षांत असा प्रयोग मला साधला नव्हता!

तिसरे तळहाताएवढे, बॅटरीवरचे, दोन्ही प्रकार निम्मेनिम्मे करणारे. बाळचे मन त्याच्यावरच बसले. मी मात्र दुसऱ्याची बाजू घेऊन व्याख्यान दिले. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “दादा, तुझे अभिसरण उत्तम आहे. पण रात्री दोन वाजता पिशवी भरायला अभिसरण येणार आहे का?”

मी गप्प झालो. त्याची बायको इस्पितळात परिचारिका, आठवड्यातल्या तीन रात्री कामावर. मी नोव्हेंबरात परतणार. पिशवी आधी भरून ठेवावी म्हटले, तर काही मिनिटांत वाफ थिजून तिच्या आतल्या अंगाला चिकटते. आणि फुले चुरायची, मोजायची, कोठीत भरायची हे थरथरत्या बोटांचे काम नव्हे. मी यंत्र पारखत होतो. दोन वाजता एकटा पडलेला माणूस माझ्या हिशेबात नव्हताच.

बरे, तळहातातले द्यावे तर तेही अंथरुणात, कापऱ्या हातात, तापलेले. भावजय म्हणाली, “गादी पेटायची एखाद्या रात्री.” दोन दिवस घरात हाच विषय. शेवटी तिनेच तोड काढली. मोठ्या यंत्रात बसणाऱ्या सच्छिद्र डब्या मिळतात, अंगठ्याच्या पेराएवढ्या. त्या आधी भरून ठेवता येतात. बाळने डबी टाकायची, कळ दाबायची, पिशवी अडकवायची. यंत्र टेबलावर पक्के बसलेले, हातात धरायची गरज नाही. थाइम भरून आम्ही त्याची तालीम घेतली. आठ वेळा पिशवी निसटली. नवव्या वेळी बसली, मग प्रत्येक वेळी बसत गेली.

खरे औषध त्याने पहिल्यांदा घेतले तेव्हा मी समोर बसलो होतो. घाटावरच्या बैराग्यांचा वास, फार पुसट, पण तोच. बाळला ठसका लागला. तो ओसरल्यावर गाल पुढे करून म्हणाला, “मार.”

“तू खरेच ओढली नव्हतीस ना रे तेव्हा?” मी विचारले.

“नुसता निस्तव फुलवत होतो.”

त्या रात्री तो पाच तास सलग झोपला. पुढच्या सगळ्याच रात्री तशा गेल्या असे नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी भावजय करंज्या करत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी चष्मा लावून डब्या भरत होतो. वजनकाटा, चिमटा, बशीत चुरलेली फुले. परतण्यापूर्वी जितक्या होतील तितक्या करायच्या असे ठरवले होते. बाळ चाकाच्या खुर्चीत बसून मोजत होता. तिसाव्या डबीला त्याने ती उचलून उजेडात धरली.

“सारण कमी भरतोस दादा. आईच्या करंज्या अशा नव्हत्या.”

“दाबून भरायचे नसते,” मी म्हटले. “मधून वारा गेला पाहिजे.” आणि एकतिसावी पुढे ओढली.