वेदीवर काय ठेवलंस?

आमच्या घरची रविवारची मिस्सा दोन पाळ्यांत व्हायची. पहिल्या घंटेला आजी, दोन्ही काकू आणि बाबा निघत. गोठ्यातल्या म्हशी, चूल आणि अंथरुणाला खिळलेली आजोबांची थोरली बहीण यांच्यापाशी आई आणि आजोबा थांबत. पहिली पाळी परतली की दुसरी निघे. त्या पाळीत आम्ही पोरं, अकरा चुलत भावंडं. वसईच्या उत्तरेला, नंदाखालच्या पंचक्रोशीत आमची वाडी. केळीच्या बागेतून एका माणसापुरती पाऊलवाट. पाटाचं पाणी वाटेवर आलेलं असे, म्हणून चपला हातात. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात विहिरीवर पाय धुवायचे, चपला घालायच्या, मुलींनी डोकं झाकायचं आणि मग आत. आजही आम्ही भावंडं कुणाच्या लग्नात भेटलो की कुणीतरी म्हणतंच, ‘चपला हातात घे.’ एवढं ऐकलं की ती अख्खी सकाळ डोळ्यांपुढे उभी राहते.

पोटात काही नसायचं. आजीच्या तरुणपणी ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याला मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांचा झाला आणि १९६४ च्या नोव्हेंबरात पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. आजीनं यातली एकही सवलत घेतली नाही. आम्हाला मात्र ती काही म्हणाली नाही. तिचा उपवास तिच्यापुरता होता.

घरी आल्यावर तांदळाची भाकरी आणि चहा. ओट्यावर आम्ही ओळीनं बसलो की आजी भाकरी वाढता वाढता एकेकाला विचारी, ‘काय रे, वेदीवर काय ठेवलंस?’

हा तिचा दर रविवारचा प्रश्न. फादर काय बोलले, गाणी कुठली झाली, कोण कोण भेटलं, हे तिनं पहिल्या पाळीत पाहिलेलं असे. तिला वाचता येत नव्हतं. पण मिस्सात एक क्षण असतो तो तिला नेमका ठाऊक होता. फादर भाकरीची ती पांढरी चकती तबकात घेऊन वर उचलतात, त्याच वेळी आपणही त्या तबकात काहीतरी ठेवायचं. पुढचं देव बघतो. आम्ही उत्तरं द्यायचो. मी गणिताची भीती ठेवली. माझी चुलतबहीण मेलेलं करडू ठेवायची, सलग तीन रविवार. सर्वांत धाकटा एकदा म्हणाला, ‘काहीच नाही, विसरलो.’ आजी रागावली नाही. म्हणाली, ‘मग पुढल्या रविवारी दोन ठेव.’

त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये. फादर आमच्याकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे, पुष्कळशी प्रार्थना हलक्या आवाजात, आणि बाकांवर बायकांच्या हातात जपमाळा. कुणाला वाटेल की ही माणसं नुसती हजेरी लावत होती. मला तसं कधीच वाटलं नाही. घंटा वाजली की जपमाळ थांबे. फादर चकती उंच धरत तेव्हा सगळं देऊळ असं गप्प होई की बाहेरच्या नारळाच्या झावळ्या ऐकू येत. शब्द कळत नव्हते, पण त्या घडीला आपल्यासमोर कोण आहे याबद्दल त्या देवळातल्या एकाही म्हातारीच्या मनात शंका नव्हती.

आठव्या वर्षी मी आल्तारबॉय झालो. लॅटिन उत्तरं थोरल्या चुलतभावाकडून घोकली. तो रहाटाच्या बैलामागे फिरता फिरता म्हणायचा आणि मी त्याच्यामागे. बैल थांबला की प्रार्थनाही थांबायची. देवळात मला सगळ्यात मोलाचं काम वाटे ते काचेच्या दोन झाऱ्या धरण्याचं. एकीत द्राक्षारस, दुसरीत पाणी. फादर प्याल्यात द्राक्षारस ओतत आणि त्यात पाण्याचा एक थेंब घालत, जेमतेम एक. म्हाताऱ्या फादरांनी एकदा मला सांगितलं, की तो थेंब म्हणजे आपण. प्याल्यात पडला की वेगळा काढता येत नाही. इतकी वर्षं झाली, त्या क्षणी मी अजून मान उंच करून बघतो. बरेच लोक तेव्हा दानाच्या पिशवीसाठी खिसे चाचपत असतात, त्यामुळे तो थेंब त्यांना दिसत नाही. याची मला खरोखर हळहळ वाटते.

आजोबांचं एक सांगायला हवं. एका उन्हाळ्यात बावखलातल्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि शेजारच्या वाडीतल्या त्यांच्या चुलतभावाचं जुंपलं. बोलणं बंद झालं. त्यानंतर आजोबा मिस्साला जात, पण कम्युनियनच्या वेळी जागेवरच बसून राहत. त्या काळी वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असे. त्या ओळीत आजोबा नाहीत हे सगळ्या गावाला दिसे आणि त्यांनाही ते ठाऊक असे. असं दोन महिने चाललं. मग एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी केळीचा एक लोंगर खांद्यावर घेतला आणि ते शेजारी गेले. तिथं काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. रात्री कुमसार, म्हणजे पापांची कबुली, केला आणि सकाळी दोघं कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकून होते. अर्पण वेदीवर आणताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं प्रभूनं सांगितल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात येतं. आजोबांनी ते वाचलेलं नव्हतं. पण मिस्साला जायचं तर घरातून कसं निघायचं, हे त्यांना माहीत होतं.

१९६४ च्या नोव्हेंबरअखेरीस मुंबईला जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि डिसेंबरात पोप सहावे पॉल आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. बाबांनी मला खांद्यावर बसवून ओव्हल मैदानाजवळ नेलं. पांढऱ्या झग्यातला एक लांबचा ठिपका एवढंच मला दिसलं. चर्चगेटहून परतीच्या लोकलमध्ये मात्र अनोळखी माणसं एकमेकांशी नात्यातल्यासारखी बोलत होती, ते जास्त लक्षात राहिलं.

त्याआधीच, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर करून लोकभाषांना दार उघडलं होतं. आमच्याकडे मराठी आली ती हळूहळू, तुकड्यातुकड्यानं. आधी वाचनं, मग लोकांची उत्तरं, शेवटी सगळी मिस्सा. वेदी भिंतीपासून पुढे आली, फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहू लागले. माझी घोकलेली लॅटिन उत्तरं वाया गेली म्हणून मी रुसलो होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं. म्हणजे मराठीत येशूचं चरित्र येऊन साडेतीनशे वर्षं झाली, तेव्हा कुठं मराठी वेदीवर चढली.

आजीचं काय झालं? घरात आमची कादोडी बोली, त्यामुळे देवळातली मराठीही तिला थोडी पुस्तकीच होती. पहिल्या पूर्ण मराठी मिस्साला तिनं जपमाळ काढली, दोन मणी ओढले आणि थांबली. फादर भाकरीची प्रार्थना म्हणत होते. ती जमिनीतून येते, माणसाच्या हातांच्या कष्टानं होते, अशा अर्थाची. आजीनं जपमाळ कनवटीला खोचली. घरी आल्यावर आजोबांना म्हणाली, ‘अहो, त्यात शेतीचंच आहे सगळं.’ त्या दिवशी तिनं आम्हाला काहीच विचारलं नाही. आपल्याच विचारात होती.

म्हणून जुनी मिस्साच खरी होती असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. जुन्या मिस्सात आजीची श्रद्धा होती, मराठी मिस्सात तिला तिचं स्वतःचं शेत सापडलं. ऑक्टोबरात आगेऱ्याला भाताची पहिली कणसं देवळात नेतात, आशीर्वाद होतो. ती कणसं आजी आधीही नेत असे, पण आता फादर काय म्हणतात ते कान देऊन ऐकू लागली. घरी आणलेलं एक कणीस क्रुसाच्या मागे खोचलेलं असे, ते पुढच्या आगेऱ्यापर्यंत.

१९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेले बारा बदल रोमनं मान्य केले. शांतीची खूण म्हणून हात जोडून नमस्कार करणं हा त्यातलाच एक. त्याच वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून नवी मिस्सा लागू झाली. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं झालं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि मुख्यतः पुनरुत्थानकाळात योहान. यातली ताकद मला फार उशिरा कळली. दर रविवारी येणाऱ्या माणसाच्या कानावर तीन वर्षांत शुभवर्तमानांचा मोठा भाग पडतो. चौथ्या वर्षी तीच वाचनं परत येतात, पण तोवर ऐकणाऱ्याचं लग्न झालेलं असतं, बाप गेलेला असतो, मूल आजारी पडून उठलेलं असतं. मग ओळखीचं वाक्य अचानक थांबवतं.

आता आमच्या नातवंडांना वाटतं की मिस्सा कंटाळवाणी आहे. प्रवचन लांबतं, गायकवृंद बेसूर असतो, आणि जाऊन मिळतं काय? मुलं खरं बोलतात, त्यांना रागावू नये. प्रवचन वाईट असेल तर फादरांनी तयारी करायला हवी. आठवडाभर शेतात, ऑफिसात, लोकलमध्ये पिळून निघालेल्या माणसांपुढे काहीबाही बोलणं योग्य नाही. पण प्रवचन चांगलं झालं म्हणजे मिस्सा चांगली झाली, हे मला मान्य नाही. आमच्या लहानपणी एक फादर होते, ते प्रवचनात अडखळायचे आणि घाईनं संपवायचे. त्यांच्याच हातून माझं पहिलं कम्युनियन झालं. त्या दिवशी जे आलं ते त्यांच्या वक्तृत्वावर अवलंबून नव्हतं.

मिस्साला जाताना मी मुलांना एवढंच सांगतो, की रिकाम्या हातानं जाऊ नका. आठवडा घेऊन जा, जसा असेल तसा. प्रभू येतो हे धरून चला, तुमचं मन भरून आलं नाही तरी. मन भटकलं तर परत आणा, पुन्हा भटकेल, पुन्हा आणा. दाराबाहेर मोटरसायकलला टेकून उभे राहू नका, आत या. आणि शेवटचा आशीर्वाद होण्याआधी निघू नका. मिस्सा हा शब्दच शेवटच्या लॅटिन निरोपातला, लोकांना बाहेर धाडणारा. तो निरोप न घेता निघालेल्या माणसाला कुठं धाडलंय ते कसं कळणार?

त्या पहिल्या पाळीतलं शेवटचं उरलेलं माणूस म्हणजे धाकटी काकू. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे देवळं बंद झाली तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. नातसुनेनं स्टुलावर मोबाइल उभा करून दिला. मिस्सा सुरू व्हायच्या आधी काकू लुगडं बदलायची, डोक्यावर पदर घ्यायची, खुर्ची सोडून चटईवर बसायची. कम्युनियनच्या वेळी पडद्यावर फादर एकटेच ख्रिस्तप्रसाद घेत. काकू तोंड मिटून बघत राहायची. त्यानंतर दिवसभर फारसं बोलत नसे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी माणसांसाठी फादर घरी यायचे, तेही बंद होतं.

त्या आठ महिन्यांत आमच्या आप्तांतली सात माणसं गेली. काकूला एकाही मयताला जाता आलं नाही.

१६ नोव्हेंबरला देवळं उघडली. पासष्टीच्या पुढच्यांनी घरीच थांबावं अशी सूचना होती. मला पासष्ट पुरी व्हायची होती. आदल्या दिवशी काकूनं बोलावलं. नोव्हेंबर हा आमचा मृतांचा महिना. तिनं नातीकडून एका कागदावर सात नावं लिहून घेतली होती. कागदाची चार घड्या घातलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘वेदीवर ठेव.’

वेदीपाशी कुणाला जाता येत नव्हतं. बाकांवर खुणा, एकाआड एक जागा, तोंडावर मास्क. मी चिठ्ठी मुठीत धरली. फादरांनी तबक उचललं तेव्हा मूठ थोडी वर केली. ख्रिस्तप्रसाद घ्यायला हात पुढे करण्याआधी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली.

परतताना पाऊलवाटेनं आलो. तिथं आता सिमेंटचा रस्ता आहे, केळी एका बाजूलाच उरल्यात. काकू ओट्यावर बसली होती.

‘ठेवलीस?’

‘ठेवली.’

तिनं मान हलवली. मग मला बसायला सांगितलं आणि देवळात कोण कोण आलं होतं, पुढच्या बाकावर कोण होतं, गायला कुणी सुरुवात केली, ते एकेक करून विचारायला लागली.